डोंगरउतारावर पायाला आधार देणारे बूट कसे निवडावेत

दुकानात डोंगरासाठी बूट मागितले, की विक्रेता बहुधा घोट्याच्या वर जाणारा, जाड दिसणारा आणि हाताला जड लागणारा जोड समोर ठेवतो. जितका उंच आणि जड तितका आधार जास्त, हे समीकरण त्याच्या मनात पक्के असते आणि ग्राहकाच्याही. हे समीकरण फार तर निम्मे खरे आहे. तीव्र उतारावर पायाला आधार मिळतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे: टाच बुटात घट्ट बसते यामुळे, आणि बुटाचा तळ आडवा पिळला जात नाही यामुळे. उंची, वजन, पाणी अडवणारे अस्तर आणि कंपनीचा शिक्का यांचा विचार त्यानंतर करावा, आणि खिशाला परवडेल तेवढाच करावा.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते मराठवाड्यात डोंगर-जंगल पायी तुडवणारे लोक: गौताळा औट्रमघाट अभयारण्यात किंवा येडशीच्या रामलिंग घाटात गस्त घालणारे वनरक्षक आणि वनमजूर, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या गणनेसाठी मचाणावर जाणारे स्वयंसेवक, कॅमेरा आणि तिपाई घेऊन हिंडणारे छायाचित्रकार, अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा असे किल्ले पाहणारी मंडळी. यांच्यापैकी पुष्कळ जण अजूनही धावण्याच्या बुटांवर किंवा कारखान्यात वापरायच्या सेफ्टी शूजवर डोंगर चढतात. पहिल्याचा तळ फार मऊ असतो, आणि दुसऱ्याची लोखंडी ठोकर उतरताना प्रत्येक पावलाला बोटांवर आपटते.

इंटरनेटवर शोध घेणाऱ्याला या विषयाची सर्वांत सविस्तर चर्चा सापडते ती परदेशातील डोंगरी शिकाऱ्यांच्या बुटांच्या संदर्भात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा त्या हेतूने बूट घेण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मात्र त्या बुटांमागचा विचार उपयोगाचा आहे. आल्प्स किंवा रॉकी पर्वतांत रानबोकडाच्या वा रानमेंढ्याच्या मागावर जाणारा माणूस मळलेली वाट सोडून चालतो, तासन्‌तास उतार आडवा कापतो, आणि परतताना त्याच्या पाठीवर मोठे ओझे असते. आपल्या वनरक्षकाचे किंवा मे महिन्यात चार लिटर पाणी, दुर्बीण आणि शिदोरी घेऊन निघालेल्या स्वयंसेवकाचे चालणेही याच जातीचे आहे. फरक हवेचा आणि जमिनीचा. तिकडे बर्फ, ओले गवत आणि थंडी; इकडे बेचाळीस अंशांचे ऊन, मुरूम, कुसळे आणि बाभळीचे काटे. म्हणून त्या बुटांकडून टाचेची पकड आणि तळाचा ताठपणा घ्यावा, आणि थंडीसाठी केलेली बाकीची सजावट तिकडेच राहू द्यावी.

माइंडल या जर्मन बूटनिर्मात्याने रूढ केलेली एक श्रेणीपद्धत येथे कामाला येते. तिच्यात ए म्हणजे सपाट वाटांसाठीचे मऊ बूट, बी म्हणजे डोंगरवाटांसाठीचे, सी म्हणजे खडतर आणि बिनवाटेच्या मुलखासाठीचे ताठ बूट, आणि डी म्हणजे बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) बांधून चढण्यासाठीचे जवळजवळ न वाकणारे बूट. मधल्या ए-बी आणि बी-सी अशाही पायऱ्या आहेत. अजिंठा आणि बालाघाट रांगांतील नित्याच्या फिरण्यासाठी बी श्रेणीचा ताठपणा पुरेसा होतो, ओझे फारच कमी असेल तर ए-बी देखील चालतो. परदेशी शिकाऱ्याने मनापासून वाखाणलेला बी-सी किंवा सी श्रेणीचा बूट येथे घेणे म्हणजे पैशाचाही अपव्यय आणि पायाचीही शिक्षा. सगळे उत्पादक ही श्रेणी लिहीत नाहीत, त्यामुळे ताठपणा स्वतःच्या हातांनी तपासता आला पाहिजे. ते कसे करावे हे पुढे येईल.

जमीन ओळखून बूट

मराठवाड्याचा बहुतेक डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बसाल्टचा आहे. एक थर घट्ट आणि त्याच्या खालचा भुसभुशीत अशी ही रचना असल्यामुळे कठीण थराचा कडा उभा राहतो, आणि मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. कड्यातून निखळलेले धोंडे पायथ्याच्या उतारावर येऊन थांबतात आणि त्यांच्यामधल्या जागेत मुरूम साचतो. याचा चालणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ असा, की एकाच उतारावर चार पावले कातळावर, चार सुट्या धोंड्यांवर आणि चार घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, पडतात. सर्वांत फसवी जागा असते ती कातळावर मुरमाचे वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतात ती. तेथे सोलच्या खाचा कितीही खोल असल्या तरी त्यांना रुतायला माती नसते. तेथे पाय सावरतो तो सपाट टेकलेल्या तळामुळे आणि बुटात न हललेल्या टाचेमुळे.

ऋतूप्रमाणे हीच जमीन बदलते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, आणि पायथ्याची काळी माती सोलला चिकटून एकेका बुटाचे वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. दिवाळीच्या सुमारास गवत वाळते आणि कुसळे पिकतात. उन्हाळ्यात किनवट-माहूरच्या बाजूला सागाची मोठी वाळलेली पाने उतारावर अंथरली जातात. ती एकमेकींवरून सरकतात आणि खालचा दगडही दिसू देत नाहीत. वर्षभर फिरणाऱ्याने यांपैकी कोणत्या ऋतूत आपले चालणे अधिक होते ते आधी ठरवावे, कारण एकच बूट सर्व ऋतूंत सारखाच चांगला असत नाही.

आधार हाताने तपासावा

दुकानात बूट पायात घालण्यापूर्वी हातात घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, टाचेमागचा भाग. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो दोन्ही बाजूंनी दाबावा. चांगल्या बुटात कापडाच्या किंवा चामड्याच्या आत कडक वाटी बसवलेली असते आणि ती दाबली जात नाही. वाटी मऊ असेल, तर उतार आडवा कापताना टाच खालच्या बाजूला कलते, तिच्याबरोबर घोटा कलतो, आणि मग बूट पिंढरीपर्यंत उंच असला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी तपासणी तळाची. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचे टोक धरून, ओले धोतर पिळावे तसा बूट पिळून पाहावा. धावण्याचा बूट सहज पिळला जातो. डोंगराच्या बुटाने थोडासा वळून विरोध केला पाहिजे. हा विरोध आतल्या शँकमुळे येतो. नायलॉनची किंवा पोलादाची ही पट्टी सुकतळ्याच्या खाली, कमानीच्या भागात बसवलेली असते. नायलॉनची हलकी असते आणि आपल्या कामाला पुरते. ढोरवाटेने डोंगर आडवा जाताना बुटाची फक्त वरच्या बाजूची कडा उतारावर टेकते. तळ पिळला जात असेल, तर संपूर्ण शरीराचे वजन पायाच्या लहान स्नायूंनी पेलावे लागते आणि दुपारपर्यंत तळपाय ठणकू लागतो. पुष्कळ जण या दुखण्याला वयाचा दोष देतात. प्रत्यक्षात तो मऊ बुटाचा असतो.

तिसरी तपासणी वाकण्याची. बुटाचे टोक जमिनीवर टेकवून टाचेकडून दाब द्यावा. बूट चवड्यापाशी, म्हणजे बोटे जेथून वाकतात तेथे वाकला पाहिजे. मध्येच कमानीपाशी वाकणारा बूट त्याच क्षणी परत ठेवावा. अजिबात न वाकणाराही नको, कारण त्याने चढताना टाच आतल्या आत वर-खाली घासत राहते आणि फोड येतात.

आता उंचीविषयी. घोटा झाकणारी, साधारण सहा इंचांची उंची आपल्या डोंगरांना योग्य आहे. तिचा खरा फायदा मुरगळ टाळण्यापेक्षा दगडाचे टक्केटोणपे, काटेरी झुडपे आणि मुरूम यांपासून घोट्याचे संरक्षण होण्यात आहे. उंच बुटाने मुरगळ हमखास टळते असे मानून चालू नये. फुरसे आणि घोणस हे दोन्ही विषारी साप खडकाळ, गवताळ रानात आढळतात, आणि जमिनीवरून होणारा दंश बहुधा पावलावर किंवा घोट्याच्या आसपास होतो, त्यामुळे जाड चामड्याने झाकलेला घोटा ही एक जमेची बाजू खरी. पण ते चिलखत नव्हे. आठ ते दहा इंचांचे बूट उन्हाळ्यात पिंढरी भाजून काढतात. ज्यांना रात्री गस्त घालावी लागते त्यांनी उंच बूट घेण्यापेक्षा सहा इंची बुटावर जाड गेटर, म्हणजे पिंढरीभोवती गुंडाळायची आवरणे, बांधावेत, म्हणजे दिवसा ते काढून ठेवता येतात.

सोल, खाचा आणि टाचेचा काप

डोंगराच्या बुटाला आज जो खोल खाचांचा रबरी सोल असतो, त्याचे मूळ इटलीत आहे. १९३५ मध्ये आल्प्समधील एका चढाईत विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्यू पावले, आणि त्यांच्या पायातील अपुरे बूट हे त्यामागचे एक कारण मानले गेले. त्यानंतर ब्रामानी यांनी १९३७ मध्ये जो रबरी सोल आणला तो व्हिब्रम या नावाने ओळखला जातो. त्यापूर्वी डोंगरी बुटांना खिळे ठोकलेले असत. व्हिब्रमचा पिवळा अष्टकोन दिसला की सोल भरवशाचा मानायला हरकत नाही, पण त्याच कंपनीची रबराची मिश्रणे अनेक असल्याने केवळ शिक्क्यावर जाऊ नये.

रबर मऊ असेल तर कातळावर छान पकड घेते आणि लवकर झिजते. कडक असेल तर टिकते आणि ओल्या कातळावर घसरते. नखाने दाबून पाहावे: नख किंचित रुतून खूण लगेच भरून आली, तर रबर मध्यम आहे आणि तेच बरे. आपला बसाल्ट सोलला कानशीसारखा घासतो, त्यामुळे फार मऊ रबर एका हंगामात गुळगुळीत होऊ शकते. खाचांची खोली चार ते पाच मिलिमीटर असावी. त्यांच्यामधली जागा पुरेशी रुंद असणे तितकेच महत्त्वाचे. अरुंद खाचांत काळी माती एकदा बसली की ती काडीने कोरून काढल्याशिवाय निघत नाही, आणि मातीने भरलेला सोल म्हणजे सपाट सोल.

सोलच्या मागच्या भागात टाच वेगळी असली पाहिजे, म्हणजे कमानीपाशी तळ वर उचललेला आणि टाचेच्या पुढच्या बाजूला उभा काप दिला पाहिजे. घसाऱ्यावरून उतरताना हा काप ब्रेकचे काम करतो. बाजारातील अनेक स्वस्त ट्रेकिंग शूजमध्ये वरून रुबाब पुष्कळ असतो, पण उलटे करून पाहिले की टोकापासून टाचेपर्यंत एकसलग नक्षी दिसते. ते बूट चढाला ठीक आणि उताराला निरुपयोगी. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कोणताच सोल खात्रीचा नाही. तेथे बुटापेक्षा काठीवर विश्वास ठेवावा, नाहीतर सरळ बसून उतरावे.

सोल आणि सुकतळा यांच्यामधील मऊ थराला मिडसोल म्हणतात. तो ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. ईव्हीए हलका असतो, पण ओझ्याखाली लवकर दबतो; पीयू जड असतो, जास्त टिकतो, आणि त्याला एक वेगळाच रोग आहे, ज्याविषयी निगेच्या भागात लिहिले आहे. काट्याच्या दृष्टीने हा थर महत्त्वाचा ठरतो. बाभळीचा पांढरा, दोन इंचांचा काटा पातळ सोलमधून सहज वर येतो आणि अनेकदा आत मोडतो. मोडलेले टोक प्रथम जाणवतही नाही. पुढच्या प्रत्येक पावलागणिक ते मऊ फोममधून केसभर वर सरकते आणि तास-दोन तासांनी अचानक चवड्याला टोचते. बूट काढून सुकतळा उचलून पाहिला तर टोक दिसत नाही, बोट फिरवले की लागते. म्हणून चवड्याखाली कडक पातळ पट्टी किंवा निदान जाड सोल असलेला बूट निवडावा, आणि पाकिटात छोटा चिमटा ठेवावा.

वरचा भाग: चामडे, जाळी आणि अस्तर

शहरातल्या विक्रेत्याला कुसळाचा त्रास सांगून समजत नाही, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो. कुसळी गवताच्या बियेला खाली सुईसारखे टोक असते आणि वर पिळलेली लांब शेपटी असते. ही शेपटी ओलाव्याने उलगडते आणि वाळली की पुन्हा पिळली जाते. या फिरण्यामुळेच बी जमिनीत आपोआप रुतते. बुटाच्या जाळीच्या कापडात ते अडकले, की पायाचा घाम आणि बाहेरचे ऊन यांच्यामध्ये हेच फिरणे सुरू होते आणि कुसळ कापडातून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत शिरते. कार्तिकापासून पौषापर्यंत गौताळ्याच्या पठारावर जाळीचा बूट घालून अर्धा दिवस चालले, तर उरलेला अर्धा दिवस कुसळे वेचण्यात जातो. मेमध्ये हाच जाळीचा बूट हवेशीर म्हणून आवडतो, हेही खरे. सर्व ऋतूंसाठी एकच जोड घ्यायचा असेल, तर पुढचा आणि बाजूचा भाग चामड्याचा किंवा घट्ट विणीच्या नायलॉनचा असावा, आणि जाळी असलीच तर ती घोट्याजवळ, लहान तुकड्यांत असावी.

चामड्यात पूर्ण जाडीचे, वरची नैसर्गिक साय न काढलेले चामडे सर्वांत टिकाऊ. स्वस्त बुटांत चामड्याचा खालचा थर वेगळा काढून त्यावर रंगाचा लेप दिलेला असतो; हे चामडे वाकवल्यावर रंग तडकल्यासारखा दिसतो. बुटावर जोड जितके कमी तितके बरे, कारण प्रत्येक शिलाई ही दगडावर घासून उसवण्याची जागा असते. ठोकरीवर रबरी पट्टी असावी. जीभ दोन्ही बाजूंनी अप्परला शिवलेली असावी, नाहीतर मुरूम आणि गवताच्या काड्या तिथूनच आत येतात. ही बारीक गोष्ट पुष्कळ जण पाहत नाहीत, आणि पहिल्याच घसाऱ्यावर बूट झटकत बसतात.

पाणी अडवणाऱ्या गोरटेक्ससारख्या अस्तराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मराठवाड्यात त्याची बहुधा गरज नाही. हे अस्तर बाहेरचे पाणी अडवते आणि घामाची वाफ बाहेर सोडते असा त्याचा गुण सांगितला जातो, आणि थंड प्रदेशात तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण बाहेरची हवा तापलेली असताना वाफ बाहेर जाण्याचा वेग मंदावतो आणि पाय आतल्या घामानेच भिजतात. शिवाय पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाणी वरून आत गेले, की ते अडवणारे अस्तर त्याला बाहेरही जाऊ देत नाही. भिजून लवकर वाळणारा साधा बूट येथे अधिक सोयीचा.

माप घेणे

बुटांची निवड बिघडते ती बहुतेक वेळा येथे. रोजच्या चपलेचा नंबर सांगून ऑनलाइन बूट मागवणे ही घाई आहे. आपल्याकडील नंबर साधारणपणे ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि त्यातील एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर होतो. युरोपीय पद्धतीत तो फरक सुमारे साडेसहा मिलिमीटर आहे, म्हणून दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी नेमके जुळत नाहीत आणि प्रत्येक कंपनीचा फरमा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पावलाचा साचाही वेगळा असतो. घरी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठे असते. माप नेहमी मोठ्या पावलाचे धरावे.

रुंदीचाही विचार व्हावा. ज्यांचे पाय लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढले, त्यांचा चवडा सहसा रुंद असतो आणि बोटे पसरलेली असतात. युरोपातील अनेक फरमे त्यांना बाजूंनी आवळतात. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. त्याने चवड्याला जागा मिळते, पण टाच सैल होते, आणि टाच सैल झाली की सगळा आधार गेला. त्याऐवजी त्याच नंबरात रुंद फरम्याचा जोड शोधावा, नाहीतर दुसरी कंपनी पाहावी.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरावर ते याहून अधिक सुजतात. डोंगरावर जे मोजे घालणार तेच सोबत न्यावेत. बुटाची लेस न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत. टाचेमागे एक बोट सहज शिरले पाहिजे. मग टाच मागे आपटून लेस बांधावी आणि चालून पाहावे. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीच्या किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या दुकानात डोंगर नसतो, पण जिना असतो. जिन्याने चार वेळा वर जावे: टाच आत उचलली जात असेल, तर तो बूट चढाला चावणार. नंतर उतरावे, आणि उतरताना मुद्दाम पायरीच्या कडेवर टोक टेकवून वजन पुढे द्यावे. बोटे टोकाला लागली, तर उतारावर प्रत्येक पावलाला लागतील आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडेल. विक्रेता कंटाळला तरी हा प्रयोग सोडू नये. आणि «वापरल्यावर सैल होईल» या त्याच्या वाक्यावर विसंबू नये, कारण चामडे रुंदीला थोडे पसरते, लांबीला पसरत नाही. मधुमेह असलेल्यांनी, ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते, आतून हात फिरवून शिलाईच्या गाठी तपासाव्यात आणि नव्या बुटातून प्रत्येक फेरीनंतर पाय डोळ्यांनी पाहावेत.

वजनाबाबत एवढेच, की पायातील वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा अनेक पटींनी दमवते. दोन सारखेच ताठ जोड समोर असतील, तर हलका घ्यावा.

लेस आणि मोजे

चांगला बूट वाईट बांधला तर त्याचा आधार निम्मा होतो. चवड्यावर लेस मध्यम ठेवावी, पावलाच्या वरच्या वळणावर घट्ट करून एक जादा पीळ द्यावा म्हणजे खालचा भाग सैल पडत नाही, आणि मग घोट्यापाशी बांधावी. चढताना वरची दोन हुके थोडी सैल सोडली तर घोटा मोकळा वाकतो. उतार सुरू होण्यापूर्वी मात्र थांबून, टाच मागे आपटून, सगळी लेस पुन्हा ओढावी. हे दोन मिनिटांचे काम नखे वाचवते. लेसचे फासे बुटात खोचावेत. मोकळा फासा दुसऱ्या बुटाच्या हुकात अडकून माणूस दोन्ही पाय बांधल्यासारखा पडतो, आणि हे बहुधा उतरतानाच होते.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलली जाते. लोकर मिसळलेले किंवा कृत्रिम धाग्याचे, टाचेला आणि चवड्याला जाड विणीचे मोजे घ्यावेत, बुटाच्या वर दोन बोटे येतील एवढे उंच. पाठपिशवीत एक जोड कोरडा असावा.

रुळवणे आणि निगा

नवा चामडी बूट थेट अंतूरला घालून जाऊ नये. आधी घरात, मग शेताच्या बांधावर, मग देवगिरीसारख्या ठिकाणी रुळवावा. सुमारे २०० मीटर उंचीच्या त्या डोंगरावर पायऱ्या, उतार आणि दगडी फरसबंदी सगळे मिळते, आणि बूट चावू लागला तर अर्ध्यातून परतता येते. एखादी जागा गरम झाल्यासारखी वाटली, की फोड येण्याची वाट न पाहता तेथे चिकटपट्टी लावावी.

बूट भिजले तर सुकतळे काढावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचे चामडे तडकते आणि गोंद सुटतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बूट ठेवून देण्याचाही हाच परिणाम. कोरड्या चामड्याला वर्षातून दोन-तीनदा मेण किंवा बुटांसाठीचे क्रीम लावावे.

पीयूच्या मिडसोलचा रोग असा, की हवेतील ओलाव्याने त्याचे रसायन हळूहळू तुटत जाते, आणि वापर कमी असला तरी ते थांबत नाही. उलट, चालताना थराला मिळणारा दाब थांबल्याने कपाटात पडून राहिलेला जोड लवकर बिघडतो. पाच-सात वर्षे जपून ठेवलेले, दिसायला नवे बूट डोंगरावर गेल्यावर तासाभरात सोलपासून वेगळे होतात ते यामुळेच. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष जिभेवरील चिठ्ठीवर पाहावे. घरातील जुना जोड नेण्यापूर्वी मिडसोलवर अंगठा जोरात दाबावा: बारीक भेगा दिसल्या किंवा चुरा पडला, तर तो जोड फक्त अंगणापुरता. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न ठेवता कापडी पिशवीत, हवेशीर जागी ठेवल्यास हे थोडे लांबते.

केवळ गोंदाने चिकटवलेला सोल सुटू लागला, तर मोच्याकडून कडेने शिलाई मारून घेता येते, आणि साध्या बुटाला ती चांगली टिकते; पाणी अडवणाऱ्या अस्तराच्या बुटात मात्र सुईची छिद्रे आरपार गेली तर अस्तर निकामी होते. कडेने पट्टी लावून शिवलेल्या, वेल्ट पद्धतीच्या बुटाला नवा सोल बसवता येतो, आणि रोज गस्त घालणाऱ्याला असा महाग जोड अखेरीस स्वस्त पडतो. महिन्यातून एकदा डोंगरावर जाणाऱ्याला तो खर्च करण्याची गरज नाही. टाचेच्या कापाची धार गोल झाली, किंवा बूट सपाट फरशीवर ठेवून मागून पाहिल्यावर एका बाजूला कलंडलेला दिसला, की डोंगरासाठी त्याचे दिवस संपले. शेतात पाणी धरायला तो आणखी वर्षभर चालतो.